एंटेबेचा अवधी

नैरोबी आणि एंटेबे या दोन विमानतळांमधील सरळ अंतर २८१ सागरी मैल, म्हणजे सुमारे ५२१ किलोमीटर आहे. पूर्व आफ्रिकेतील माझ्या नोकरीच्या दीर्घ काळात हा आकडा आमच्या कचेरीत कोणी कोणाला विचारल्याचे मला स्मरत नाही, कारण शिपायापासून साहेबापर्यंत सर्वांना तो मुखोद्गत होता. विचारले जाई ते निराळेच. वैमानिक यायचा, टोपी मेजावर ठेवायचा, भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिल्यासारखे करायचा आणि म्हणायचा, "आज एंटेबे किती?" त्याला मैल नको असत, मिनिटे हवी असत, आणि त्या मिनिटांचा हिशेब मांडून देण्याबद्दल मला दरमहा वेतन मिळत असे. अंतर पृथ्वीने एकदाच ठरवून टाकलेले असते, अवधी मात्र रोज नव्याने ठरवावा लागतो, आणि तो ठरविताना वारा, डोंगर, ढग, इंजिन, सरकार व माणूस या सर्वांची गणना करावी लागते, ही गोष्ट त्या मेजाशी बसून मला जशी उमगली तशी शाळेतल्या भूगोलाने कधी उमगू दिली नव्हती.

'कारंजा' बोटीने मुंबईहून निघून मी मोम्बासाला उतरलो त्या वेळी ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माउ माउ चळवळीमुळे केनियात आणीबाणी चालू होती, आणि मॅट्रिकचा दाखला, टंकलेखनाचे प्रमाणपत्र व गणिताची बऱ्यापैकी गोडी एवढेच भांडवल माझ्या ट्रंकेत होते. नैरोबीच्या ईस्टली विमानतळावर ईस्ट आफ्रिकन एअरवेजच्या उड्डाण-खात्यात मी कारकून म्हणून रुजू झालो. केनिया, युगांडा, टांगानिका आणि झांझिबार या चार मुलखांनी मिळून १९४६ साली उभी केलेली ही कंपनी. विमान चालविणारा गोरा, कागद चालविणारा हिंदी आणि सामान वाहणारा आफ्रिकी, अशी वाटणी वसाहतीच्या रिवाजाने सर्वत्र ठरून गेलेली होती. आणि ती कोणत्याही लेखी हुकुमाने झालेली नसल्यामुळे तिच्याविरुद्ध अर्ज करण्याचीही सोय नव्हती. आमचे अव्वल कारकून बार्देशचे एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ होते. साहेबाशी ते इंग्रजीत बोलत, हमालांशी स्वाहिलीत आणि माझ्याशी कोंकणीत. मी मराठीत उत्तर देत असे आणि दोघांचेही काम चाले. त्यांना आम्ही सर्व 'मास्तर' म्हणत असू, आणि ते नाव त्यांना शोभत असे, कारण शिकविल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

त्यांनी मला पहिला धडा दिला तो अंतराचाच. गोलावरील दोन बिंदूंमधले लघुतम अंतर काढावयाचे तर गोलीय त्रिकोणमितीची लांबलचक सूत्रे मांडावी लागतात आणि लंडन ते नैरोबी अशा मार्गाला त्यांवाचून गत्यंतरच नाही. परंतु नैरोबीचा विमानतळ विषुववृत्ताच्या दक्षिणेस १ अंश १९ कलांवर आहे, आणि एंटेबेचा उत्तरेस जेमतेम अडीच कलांवर. विषुववृत्ताच्या इतक्या निकट रेखांशांमधील अंतर आकसलेले नसते, आणि एक कला म्हणजे एक सागरी मैल हा हिशेब उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना सारखाच लागू पडतो. "उत्तर-दक्षिण फरक ८२, पूर्व-पश्चिम २६९. आता कर्ण काढ," मास्तर म्हणाले. मी दोन्ही संख्यांचे वर्ग केले, बेरीज केली, वर्गमूळ काढले, २८१ आले. ज्या सिद्धांताच्या पायी इयत्ता आठवीत मी छड्या खाल्ल्या होत्या तो विषुववृत्तावर इतक्या सचोटीने उपयोगी पडेल असे मला त्या वेळी कोणी सांगितले असते, तर त्या छड्या मी अधिक आदराने खाल्ल्या असत्या.

नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली ती रेघ मी पुढे इतक्या वेळा ओढली, की डोळे मिटूनही तिच्याखालचा मुलूख मला क्रमाने सांगता येई. न्गाँगच्या टेकड्या डावीकडे ठेवून ती पश्चिमेकडे निघते. जमीन एकाएकी खचून खाली जाते आणि ती प्रसिद्ध महादरी लागते, जिच्या तळाशी सुस्वा नावाचा ज्वालामुखी आपल्या रुंद मुखासह पहुडलेला आहे आणि उजव्या हाताला लोंगोनोट उभा आहे. नारोकच्या किंचित उत्तरेकडून रेघ माउ कड्याच्या दक्षिण उतारावर चढते, सोटिकच्या चहाच्या मळ्यांवरून जाते, किसीच्या दाट वस्तीच्या टेकड्या ओलांडते आणि होमा बेजवळ पाण्यावर येते. मग रुसिंगा, १९५९ साली केनियातील विद्यार्थ्यांना विमाने भरून अमेरिकेस शिकावयास धाडण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या टॉम म्बोया यांच्या घराण्याचे हे बेट. मग म्फांगानो. आणि त्यापुढे व्हिक्टोरिया सरोवर, ज्याला सरोवर म्हणावयाचे ते केवळ त्याचे पाणी गोडे आहे म्हणून. एरवी त्याचे काठ एकमेकांना दिसत नाहीत आणि त्याच्या लाटांनी होड्या बुडतात. एकूण मार्गाचा दोनपंचमांशाहून अधिक भाग या पाण्यावरून जातो. विषुववृत्त ओलांडले जाते तेही पाण्यावरच, एंटेबेच्या नऊएक मैल अलीकडे, पट्टे बांधण्याच्या आणि पेले गोळा करण्याच्या गडबडीत, आणि बहुतेक प्रवाशांना त्याचा पत्ताही लागत नाही.

अर्थात विमान त्या रेघेवरून जाईलच असे नव्हते. आकाशमार्ग रेडिओच्या खुणांना बांधलेले असत, आणि पुष्कळदा किसुमूवरून जावे लागे. प्रथम मला वाटले, की हा मोठाच वळसा असणार. मोजून पाहिले तेव्हा नैरोबी ते किसुमू १५१ मैल आणि किसुमू ते एंटेबे १३७ मैल भरले. म्हणजे वळसा अवघ्या सात मैलांचा. अंतराच्या बाबतीत आडवाट आपल्याला वाटते तितकी महाग पडत नाही. महाग पडते ती दुसरीकडेच.

कोठे, ते सांगतो. विमानाचा अवधी मोजतात तो चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून दुसऱ्या गावी ते पुन्हा लावेपर्यंत. या दोन क्षणांच्या मध्ये जे जे घडते त्यात सरळ उडणे हा एक भाग, आणि अशा आखूड मार्गावर तर लहानसाच भाग. जेट विमानाचा वेग ताशी ४५० सागरी मैल धरला तर २८१ मैलांना साडेसदतीस मिनिटे पुरतात, असे गणित कोणताही हुशार प्रवासी मनाशी मांडतो आणि वेळापत्रकात एक तासाहून अधिक लिहिलेले पाहून कंपनीच्या आळसाबद्दल शंका घेतो. त्याला हे ठाऊक नसते, की नैरोबीला वारा बहुधा ईशान्येकडून वाहतो, त्यामुळे विमान ईशान्येकडेच तोंड करून उडते आणि एंटेबे तर वायव्य-पश्चिमेस. म्हणजे पहिले काही मैल ते ध्येयाकडे पाठ करून जाते आणि मग गिरकी घेऊन माघारी वळते. नंतर चढण, आणि चढताना विमान मंद असते. मग थोडा वेळ, खरोखर फारच थोडा वेळ, ते आपल्या पूर्ण वेगाने जाते, की लगेच सरोवरावर उतरण सुरू होते. उतरताना वेग पुन्हा कमी करावा लागतो, पुढचे विमान धावपट्टीवरून हटेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि धावपट्टी सोडल्यावरही इमारतीपर्यंत रांगत जावे लागते. जेटचे गुणगान ज्या वेगाबद्दल होते तो वेग नैरोबी-एंटेबेच्या प्रवाशाला जेमतेम पाव तास भोगावयास मिळतो.

म्हणूनच विमाने बदलली तसा अवधी कमी झाला खरा, परंतु वेगाच्या प्रमाणात झाला नाही. माझ्या आधीच्या काळात ड्रॅगन रॅपिड नावाची दोन पंखजोड्यांची लाकडी विमाने या मार्गावर होती. त्यांना अडीच तास लागत, असे मास्तर सांगत. मी रुजू झालो तेव्हा डाकोटांचे राज्य होते. डाकोटाला वारा अनुकूल असो वा प्रतिकूल, सुमारे दोन तास धरावे लागत; त्यात हवेचा दाब राखण्याची सोय नसल्यामुळे फार उंच जाता येत नसे आणि माउचा कडा तर दहा हजार फुटांपर्यंत उंचावलेला. त्या दोन्ही गोष्टींच्या मध्ये जी अरुंद फट उरे तिच्यातून विमान न्यावयाचे. भरलेल्या डाकोटाचे एक इंजिन माउवर असताना बंद पडले, तर उरलेल्या एका इंजिनावर ती उंची राखणे दुष्कर. तेव्हा कोणत्या ठिकाणापर्यंत मागे वळावयाचे आणि कोठून पुढे सरोवराकडे घसरत जावयाचे याची खूण नकाशावर आधीच करून द्यावी लागे. १९६२ साली फॉकर फ्रेंडशिप आली आणि दोन तासांचा सव्वा तास झाला. पुढे डी. सी. ९ आले, वेग जवळजवळ दुप्पट, आणि सुटका मात्र पंधरा-वीस मिनिटांचीच. मला स्वतःला फॉकर अधिक आवडे. तिचे पंख वरच्या बाजूस असल्यामुळे खिडकीतून खालचे सर्व दिसे, आणि जे विमान प्रवाशाला कोणता मुलूख आपण ओलांडला ते दाखवीत नाही त्याने त्याला पोहोचविले असले तरी प्रवास घडविला असे मी म्हणणार नाही.

या सर्वांच्याही पूर्वी, १९०१ च्या डिसेंबरात रेल्वेचे रूळ मोम्बासाहून निघून सरोवराच्या काठी पोहोचले, तेव्हापासून १९३१ साली ते थेट कंपालापर्यंत जाईतो, नैरोबीहून युगांडास जाणारा मनुष्य आगगाडीने किसुमूस जाई आणि तेथून आगबोट धरी. ते रूळ घालण्याकरिता हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर आणले गेले होते. टिंबोरोआजवळ हीच रेल्वे नऊ हजार फुटांच्या वर चढते. मी एकदा हौसेने तिने कंपालास गेलो. एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा बराच भाग लागला, जेवण उत्तम होते, आणि एवढ्या वेळात आपण कोठे आहोत याविषयी एक क्षणही संशय पडला नाही.

हवामानाचे प्रकरण मी मुद्दाम मागे ठेवले, कारण आमच्या हिशेबाची खरी परीक्षा तेथेच होती. कंपाला-एंटेबेच्या परिसरात वर्षातले दोनशेहून अधिक दिवस गडगडाट होतो अशी नोंद आहे. पृथ्वीवर इतकी मेघगर्जना फार थोड्या ठिकाणी ऐकू येत असेल. परंतु या वादळांना एक शिस्त आहे. रात्री भोवतालची जमीन निवते, सरोवराचे पाणी मात्र उबदार राहते. मग चारही बाजूंनी जमिनीवरचा गार वारा पाण्याकडे धावतो, मध्यभागी एकमेकास भिडतो, वर चढतो आणि पहाटेपर्यंत सरोवरावर काळ्या ढगांचे उंच मनोरे उभे राहतात. दिवस वर आला, की सारे उलटते. सरोवर निवांत होते आणि दुपारी तेच मनोरे माउवर आणि किसीच्या टेकड्यांवर दिसू लागतात. म्हणजे पहाटेच्या विमानाला अडथळा पाण्यावर, दुपारच्या विमानाला डोंगरावर. मार्ग तोच, अंतर तेच, पण कोणत्या घटकेला निघालात यावर तुमचा शत्रू कोठे दबा धरून बसेल ते ठरे. पुस्तकातल्या तक्त्यांपेक्षा या ज्ञानावर मास्तरांची अधिक भिस्त होती, आणि ते त्यांना किसुमूच्या लुओ कोळ्यांकडून मिळालेले होते. ढगांसारखेच दिसणारे करड्या रंगाचे आणखी काही खांब सरोवरावर उभे असत. ते असंख्य चिलटांचे थवे. नव्या वैमानिकाला प्रथम तो धूर वाटे, आणि कोठे वणवा लागला आहे काय अशी विचारणा रेडिओवर होई.

१९५२ साली फेब्रुवारीच्या आरंभी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज वारले, त्या वेळी त्यांची कन्या एलिझाबेथ केनियात होती. नान्युकीहून डाकोटाने तिला एंटेबेस नेले, आणि तेथून मोठ्या विमानाने ती लंडनला जाणार होती. नान्युकी विषुववृत्तावरच आहे आणि तेथून एंटेबे जवळजवळ नैरोबीइतकेच दूर. एंटेबेस मोठे विमान सज्ज होते, दिवे लागलेले होते, आणि नेमके वादळ आले. नव्या राणीला ते ओसरेपर्यंत थांबावे लागले. मास्तर ही हकीकत सांगत तेव्हा त्यांच्या मुद्रेवर एक मंद समाधान असे. राजनिष्ठेत उणे नव्हते, परंतु सरोवराने आपला शिरस्ता कोणासाठी मोडला नाही याचा त्यांना अभिमान वाटे. त्याच वर्षी २ मे रोजी जगातले पहिले जेट प्रवासी विमान, कॉमेट, लंडनहून जोहान्सबर्गास निघाले, तेही एंटेबेस थांबा घेऊनच.

इंधनाचा हिशेब हा आमच्या कामातला सर्वांत गंभीर भाग. बाहेरच्यास वाटते, की पन्नास मिनिटांचे उड्डाण म्हणजे पन्नास मिनिटांचे इंधन. परंतु एंटेबेवर वादळ बसले असेल तर उतरावयाचे कोठे? लहान विमानाला किसुमू चाले. मोठ्या जेटला पुष्कळदा परत नैरोबीचाच आसरा. म्हणजे जाण्याची पन्नास मिनिटे, परतण्याची पन्नास, त्यावर आकाशात घिरट्या घालीत थांबण्याची राखीव शिदोरी अर्ध्या तासाची, आणि अंदाज चुकल्यास म्हणून आणखी थोडे. सव्वादोन तासांहून अधिक उडू शकेल एवढे इंधन घेऊन ते विमान पन्नास मिनिटांच्या गावाला जाई. बरे, हवे तितके भरावे म्हणावे, तर नैरोबीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ५,३०० फुटांवर. तेथली हवा समुद्रकाठच्या हवेहून सुमारे १५ टक्के विरळ. इंजिनांना ताकद कमी, पंखांना आधार कमी, आणि दुपारचे ऊन पडले की त्याहूनही कमी. जड विमानाला धावपट्टीची लांबी हवी असते, आणि म्हणूनच एंबाकासीचा नवा विमानतळ बांधताना ती लांब ठेवली गेली. १९५८ साली तो सुरू झाला आणि आम्ही दप्तरे घेऊन ईस्टलीहून तेथे गेलो. ज्या मैदानावर तो उभा राहिला ते माउ माउ चळवळीत पकडलेल्या कैद्यांच्या श्रमांनी सपाट केले गेले होते. आमच्या कोष्टकात धावपट्टीची लांबी, उतार, उंची या सर्वांना रकाने होते. ती कोणी खणली याला नव्हता.

कचेरीत घड्याळे दोन होती. एक ग्रीनिचच्या वेळेचे, कारण जगातले सर्व उड्डाण-व्यवहार त्याच वेळेने नोंदले जातात. दुसरे स्थानिक, तीन तास पुढचे. तिसरे भिंतीवर नव्हते परंतु सर्वांत अधिक लोक त्याच्याप्रमाणेच चालत. स्वाहिली गणनेप्रमाणे दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपण ज्याला सकाळचे सात म्हणतो तो त्यांचा एक, आपला एक तो त्यांचा सात. विषुववृत्तावर सूर्य बारमाही जवळपास त्याच वेळी उगवतो, म्हणून ही गणना तेथे अगदी सोयीची आहे, आणि आमच्या आजोळी पंचांग उघडून सूर्योदयापासून घटका मोजणारे वृद्ध पाहिलेले असल्यामुळे मला तिचे मुळीच नवल वाटले नाही. घोटाळा होई तो तिकीट एका घड्याळाने लिहिले जाऊन दुसऱ्याने वाचले गेले म्हणजे. सकाळी नऊच्या विमानाचा प्रवासी दुपारी तीनला, म्हणजे त्याच्या गणनेने बरोबर नऊला, दारात हजर होई. त्याचे चुकलेले नसे, फक्त विमानाने ठोकळे काढलेले असत. हमालांचा मुकादम, कांबा जमातीचा एक गृहस्थ, तिन्ही वेळा एका दमात सांगे, आणि साहेब लोकांना दोनच घड्याळे येतात याची त्याला मनातून कीव वाटे, असा माझा तर्क आहे.

१९७२ च्या ४ ऑगस्टला इदी अमीन यांनी युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. त्या तीन महिन्यांत आमच्या कोष्टकात काहीच बदलले नाही: २८१ मैल, वारा पूर्वेचा, मंद, सरोवरावर पहाटे गडगडाट. परंतु विमान जाताना रिकामे जाई आणि येताना एकही आसन मोकळे नसे. वजनाच्या तक्त्यावर मी हे आकडे लिहीत असे आणि लिहिताना वर पाहत नसे. कंपालाच्या एका शाळेत शिकविणारे माझ्या ओळखीचे एक मराठी गृहस्थ होते. सुट्टीत नैरोबीस आले म्हणजे मंडळींसह आमच्याकडे उतरत. पुढे इंग्लंडहून त्यांचे पत्र आले. एंटेबेच्या विमानतळावर पोहोचण्याकरिता ती मंडळी कंपालाहून पहाटे निघाली होती. तो रस्ता सुमारे ३५ किलोमीटरांचा. वाटेत ठिकठिकाणी सैनिकांचे पहारे; प्रत्येक पहाऱ्यावर सामान रस्त्यावर उपसावयाचे, पुन्हा भरावयाचे, कोठे घड्याळ द्यावयाचे, कोठे बायकोच्या हातातल्या बांगड्या. विमानतळ आला तेव्हा दुपार कलली होती. "विमानात बसल्यावर मी घड्याळ पाहावयास हात वर केला," त्यांनी लिहिले होते, "आणि मनगट मोकळे दिसले, तेव्हा बायको हसली. महिन्याभरात प्रथमच हसली." आम्ही अवधी मोजीत असू तो ठोकळे काढल्यापासून. त्याआधीचा अवधी मोजण्याचे खाते कोठेच नव्हते.

एंटेबे म्हटले, की लोकांना १९७६ चा जुलै आठवतो, आणि मी तेथल्याच मार्गावर नोकरीस होतो असे कळले म्हणजे ते आशेने माझ्याकडे पाहतात. त्या रात्री माझी पाळी नव्हती. ओलिसांना सोडवून निघालेली इस्रायली विमाने इंधन भरण्याकरिता नैरोबीस उतरली, हे इतरांप्रमाणे मलाही सकाळी कळले.

त्यापुढच्या वर्षी कंपनीच राहिली नाही. विमाने होती, वैमानिक होते, २८१ मैल होतेच. परंतु तीन स्वतंत्र देशांचे परस्परांशी जमेनासे झाले होते, देणी-घेणी मिटत नव्हती, आणि १९७७ च्या आरंभी ईस्ट आफ्रिकन एअरवेज मोडली. केनियाने त्याच वर्षी फेब्रुवारीत आपली निराळी कंपनी सुरू केली. मास्तर त्याआधीच निवृत्त होऊन म्हापशाला गेले होते; मी त्यांना ही बातमी लिहून कळविली. त्यांनी उत्तरात हवामान विचारले.

आज हा मार्ग अधिक गजबजलेला आहे. विमाने पूर्वीहून उत्तम आहेत, रडार आहे, उपग्रह आहेत. वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या आसपास लिहिलेले असते, म्हणजे डी. सी. ९ ला आम्ही देत होतो त्याहून किंचित अधिकच. कारण उघड आहे: हल्ली वेळेवर पोहोचणे ही जाहिरातीची बाब झाली असल्यामुळे कंपन्या अवधीत आधीच थोडे सैल माप धरून ठेवतात, आणि विमान त्यापूर्वी उतरले की प्रवाशांना आनंद होतो. मास्तरांना ही युक्ती पसंत पडली नसती. उलट जमिनीवरचा रस्ता सुधारला. एंटेबे आणि कंपाला यांमधला नवा द्रुतगती मार्ग २०१८ साली खुला झाला, आणि ज्या अंतराने १९७२ मध्ये लोकांचा दिवस खाल्ला तेथून आता मोटारी अर्ध्या-पाऊण तासात जातात.

माझ्या पुतण्याचा मुलगा अभियंता आहे आणि कामानिमित्त नैरोबीत असतो. एकदा त्याला कंपालास जावयाचे होते, तेव्हा त्याने पुण्यास फोन करून मला विचारले, "आजोबा, कोणते विमान घेऊ?" मी उत्साहाने सांगितले, की पहाटेचे घेऊ नकोस, दहाच्या सुमाराचे घे, सरोवर तोवर शांत झालेले असते आणि डोंगरावर ढग अजून चढलेले नसतात. खिडकी उजवीकडची माग, म्हणजे लोंगोनोट दिसेल. आणि उतरण्यापूर्वी सातआठ मिनिटे घड्याळाकडे लक्ष ठेव, विषुववृत्त जाईल. त्याने सर्व ऐकून घेतले, भाडे पाहिले आणि रात्रीच्या बसने गेला. मलाबाच्या नाक्यावर पासपोर्टाच्या रांगेत त्याचे दोन तास मोडले. शेजारच्या आसनावर नाकुरूचा एक बटाट्याचा व्यापारी होता, त्याच्याकडून तो थोडी स्वाहिली शिकून आला आहे.